कानस आणि ड्रॉइंगबोर्ड
(पुण्यातल्या मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिक्षणाच्या इतिहासाची प्रस्तावना)

पुण्यात भवानी पेठेत १८५४ च्या जुलैमध्ये सरकारने एक शाळा काढली. ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ असे तिचे भारदस्त नाव. काम मात्र त्या मानाने बेताचे. सार्वजनिक बांधकामांवर गोऱ्या इंजिनिअरांच्या हाताखाली काम करतील असे दुय्यम नोकर तिथून तयार व्हायचे होते. आज संगमाजवळ, शिवाजीनगरला, सीओईपी या नावाने ओळखले जाणारे जे विद्यापीठ आहे, त्याचा उगम हाच. शाळेच्या नावातच ‘मेकॅनिकल’ असल्यामुळे पुण्यात यंत्रविद्येचे शिक्षण तेव्हापासून चालत आले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी इथे सुरू झाली ती १९१२ मध्ये. मधली अठ्ठावन्न वर्षे कुठे गेली? या विषयाच्या इतिहासात शिरणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारलेला बरा, कारण त्याच्या उत्तरात पुढच्या शतकाचीही बरीचशी हकीकत आहे.

१८५४ हे साल तसे यंत्रांचेच होते. आदल्या वर्षीच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली होती. मुंबईत कावसजी दावर यांनी याच साली सूतगिरणीची कंपनी उभी केली आणि दोन वर्षांत ताडदेवला चात्या फिरू लागल्या. सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला तोही याच जुलैत, १९ तारखेला. त्यातूनच १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आले. म्हणजे यंत्रे होती, यंत्रांना माणसे हवी होती, विद्यापीठही दारात होते. तरी यंत्रविद्येचा वर्ग भरला नाही.

याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. माणसे हवी होती ती सरकारला, आणि सरकारला हवे होते रस्ते, कालवे, पूल आणि कचेऱ्या. रुरकीचे कॉलेज १८४७ मध्ये निघाले ते गंगेच्या कालव्याच्या कामासाठी. पुण्यापाठोपाठ १८५६ मध्ये कलकत्त्याला निघालेल्या कॉलेजचा रोखही सार्वजनिक बांधकाम खात्याकडेच होता. यंत्रे मात्र सरकारची नव्हती. इंजिने रेल्वे कंपन्यांची आणि बॉयलर गिरणीमालकांचे. कंपन्यांनी यंत्रांबरोबर माणसेही विलायतेहून मागवली. लँकेशायरचा माणूस गिरणीत मॅनेजर किंवा इंजिनिअर म्हणून यायचा, तो इथल्या फिटरला आणि खलाशाला हाताशी धरून काम चालवायचा. अशा मालकांना पुण्यात शिकलेल्या पदवीधराची गरज वाटण्याचे कारण नव्हते. अभ्यासक्रम काय असावा हे शेवटी नोकरी देणारा ठरवतो, ही गोष्ट इथे पहिल्यांदा दिसते. पुढे नोकरी देणारे बदलत गेले, तसतसा अभ्यासक्रमही बदलत गेला.

शाळेचे कॉलेज झाले ते १८६५ च्या सुमारास. त्या वर्षी ५ ऑगस्टला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संगमाजवळच्या इमारतीची कोनशिला बसवली. मुंबई विद्यापीठाशी संलग्नता आली आणि एलसीई, म्हणजे ‘लायसेन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंग’, ही परीक्षा सुरू झाली. याच सुमारास प्राचार्यपदावर आलेले थिओडोर कुक हे आयरिश गृहस्थ १८९३ पर्यंत तिथे राहिले. ते मूळचे रेल्वेचे इंजिनिअर होते आणि वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल त्यांच्या हातचा. पण नाव राहिले ते वनस्पतिशास्त्रात: मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. त्यांच्या कारकिर्दीत कॉलेजला शेतकीचे वर्ग जोडले गेले, विज्ञान शिकवले जाऊ लागले आणि संस्थेचे नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. सुतारकाम-लोहारकामाचे वर्कशॉप होते, वनस्पतींचे नमुने होते, साखळी घेऊन मोजणीला जाणारी मुले होती. एका छपराखाली इतके सगळे होते. नव्हता तो यंत्र घडवण्याचा विद्यापीठाने मान्य केलेला अभ्यास.

या काळातला सर्वांत नामवंत विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले, १८८३ मध्ये एलसीई पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. कॉलेजने ज्यासाठी घडवले तेच काम त्यांनी केले. पण त्यांची पहिली मोठी ख्याती झाली ती खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांमुळे. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवण्याची ही युक्ती होती आणि तिचे त्यांनी पेटंटही घेतले. तोल, वजन, पाण्याचा दाब यांचा तो हिशेब सरळसरळ यंत्रविद्येतला आहे. सिव्हिलच्या पदवीधराने तो केला, कारण दुसरी पदवी अस्तित्वातच नव्हती.

मग यंत्रविद्या शिकवत कोण होते? खरे शिक्षण चालू होते वर्कशॉपमध्ये. मुंबईतली परळची रेल्वे वर्कशॉप, बिहारातले जमालपूर, राजपुतान्यातले अजमेर ही त्या काळातली यंत्रविद्यालयेच म्हणायला हवीत. अजमेरच्या वर्कशॉपमध्ये १८९५ मध्ये भारतात बांधलेले पहिले वाफेचे इंजिन तयार झाले. तिथे मुलगा अप्रेंटिस म्हणून लागे, फोरमनच्या नजरेखाली वर्षानुवर्षे कानस चालवी आणि हाताला मापाची सवय होईपर्यंत त्याला यंत्राजवळ फिरकू देत नसत. या व्यवस्थेत वरच्या जागा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी जवळजवळ राखीव होत्या. हिंदी मुलगा फिटर होऊ शके, क्वचित चार्जमन होई. इंजिनिअर होण्याची वाट त्याच्यासाठी बंद होती. कलकत्त्यात १८६३ मध्ये बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला आणि इतर प्रांतांनी त्याचे अनुकरण केले. बॉयलर कोणाच्या हाती द्यावा हा प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला, पण तो विद्यापीठापर्यंत पोचायला अजून अवकाश होता.

पुण्यातल्या शहाण्या लोकांना ही उणीव दिसत होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तिच्या आसपास निघालेले रे इंडस्ट्रियल म्युझियम आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. टिळकांच्या वर्तुळातल्या ‘मराठा’ पत्राने तर १८८० च्या दशकातच बोस्टनच्या एमआयटीचा दाखला देऊन तशी संस्था इथे हवी असा आग्रह धरला होता. मुंबईत राणीच्या ज्युबिलीचे निमित्त साधून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे व्हीजेटीआय, निघाली. आधी भायखळ्याला आणि १९२३ पासून माटुंग्याला असलेल्या या संस्थेत गिरणीची आणि यंत्राची विद्या शिकवत. पण शिक्का एलएमईचा, म्हणजे लायसेन्शिएटचा. विद्यापीठाची पदवी नव्हे. गिरण्यांच्या शहरात, गिरण्यांसाठी माणसे घडवणाऱ्या या संस्थेला विद्यापीठाच्या पदवीशी जोडले जायला १९४६ उजाडले, हे विद्यापीठाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांबद्दल बरेच सांगून जाते.

व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर होते. चित्रकला शिकायला ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, रंग नीट ओळखू येत नाहीत हे ध्यानात आले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. रेषेला रंग लागत नाही! तेच रेखाटन ते पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याला वर घेतलेले पाहिले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला सायकलींच्या दुकानात गेले. तिथून कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यामागून लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपता खपेनात. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस महाराष्ट्रातल्या मेकॅनिकल शिक्षणाच्या इतिहासात मध्यभागी उभा आहे. पुढच्या पिढ्यांतल्या पदवीधरांना कामाला लावणारे कारखाने त्याच्या घराण्याने उभारले, एवढ्याचसाठी नव्हे. तर ड्रॉइंगबोर्डावरची रेषा आणि ओतशाळेतला साचा या दोहोंवर एकाच माणसाची हुकमत असू शकते, हे त्याने दाखवले म्हणून.

अर्थात हात आणि डोके यांची फारकत ही काही केवळ इथल्या जातिव्यवस्थेची किंवा परकी राजवटीची करणी नव्हती. केंब्रिजमध्ये १८७५ मध्ये जेम्स स्टुअर्ट हा यंत्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. मुलांनी हाताने काम केल्याशिवाय यंत्र कळणार नाही, या हट्टाने त्याने वर्कशॉप काढले, त्यात पदरचे पैसेही घातले. विद्वानांना ते रुचले नाही. गणिताच्या त्या माहेरघरात लेथ आणि भट्टी कशाला, असा सूर निघाला. यंत्रशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू करण्याचा त्याचा प्रस्ताव फेटाळला गेला आणि अखेर तो बाहेर पडला. त्याच्या जागी १८९० मध्ये आलेल्या आल्फ्रेड यूइंगने, जो आधी टोकियोत शिकवून आला होता, दोन वर्षांत ‘मेकॅनिकल सायन्सेस ट्रायपॉस’ मंजूर करून घेतली. न्यूटनच्या विद्यापीठाला हे जमायला १८९२ साल लागले असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या विसाएक वर्षांच्या दिरंगाईला थोडी सूट द्यायला हरकत नाही.

१९११ मध्ये पुण्याच्या कॉलेजचे नाव पुन्हा बदलले. शेतकीचे वर्ग आधीच वेगळे झाले होते, आता ते निव्वळ ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ राहिले. पुढच्या वर्षी मेकॅनिकलची बी.ई. आली. इलेक्ट्रिकलला १९३२ पर्यंत थांबावे लागले. पदवी आली तरी प्रश्न मिटला नाही, कारण नोकऱ्या अजून जुन्याच दारांमागे होत्या. थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली १९१६ ते १९१८ या काळात बसलेल्या औद्योगिक आयोगाने तर यंत्रकामासारख्या हस्तकौशल्याच्या उद्योगांचे शिक्षण मुळात कारखान्यातच व्हावे, वर्गातले शिक्षण त्याला जोडून यावे, अशी भूमिका घेतली. भूमिका तर्कशुद्ध होती. पण ज्या कारखान्यांची दारे हिंदी मुलांना अर्धवटच उघडी होती त्यांनाच शाळा ठरवण्यात मेख होती. आयोगाचे सदस्य पंडित मदनमोहन मालवीय यांनी भिन्नमताची विस्तृत टिपणी जोडली आणि बनारसला १९१९ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज काढून आपले उत्तर कृतीनेही दिले. मुंबई इलाख्यात १९२१-२२ मध्ये तांत्रिक शिक्षणाची समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्याच कॉलेजातून बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या. रेल्वेने जमालपूरला खास निवडलेल्या उमेदवारांची योजना सुरू केली ती १९२७ मध्ये.

या दरम्यान ज्यांना परवडले ते परदेशी गेले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परतले. सुमंत मुळगावकर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून याच विषयाची पदवी घेऊन आले. पुण्याच्या औद्योगिक नकाशावर या दोन नावांचे वजन किती आहे, हे खडकी ते पिंपरी रस्त्याने गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शंतनुरावांनी १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली. मुळगावकरांच्या काळात टाटांच्या टेल्को कंपनीने पिंपरीला बस्तान बसवले, तेव्हा मोटारींच्या आधी यंत्रांची यंत्रे आणि प्रशिक्षणाचा विभाग यांना प्राधान्य दिले. अप्रेंटिस घडवण्याची परळ-जमालपूरची जुनी रीत इथे नव्या अंगाने, आणि या खेपेला इथल्याच मुलांसाठी, रुजली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे घटना भराभर घडल्या. सांगलीला १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. तेच पुढे वालचंद कॉलेज झाले. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, आणि संगमाजवळचे कॉलेज मुंबईचे छत्र सोडून या नव्या विद्यापीठाखाली आले. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सोव्हिएत मदतीने उभी राहू लागली. कऱ्हाड आणि औरंगाबादची सरकारी कॉलेजे १९६० मधली. सगळ्यांत मोठा बदल मात्र कॉलेजच्या आवाराबाहेर झाला. १९६० च्या दशकात भारत फोर्ज, टेल्को, बजाज आणि मोटारींच्या चाचण्या घेणारी एआरएआय अशी रांगच पुण्याभोवती लागली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे नव्हते ते आता होते: मेकॅनिकलच्या पदवीधराची वाट पाहणारा मालक, सायकलच्या अंतरावर.

अभ्यासक्रमावर याची छाप स्पष्ट दिसते. वाफेच्या इंजिनाचे धडे आखडत गेले. अंतर्ज्वलन इंजिन, यंत्रहत्यारे, धातू कापण्याचे शास्त्र, उत्पादन-नियोजन यांना जागा झाली. मेकॅनिकलच्या मुलांची म्हणून एक बोलीच तयार झाली. थिअरी ऑफ मशिन्स म्हणजे ‘टॉम’, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स म्हणजे ‘सॉम’. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब: लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. हाताला फोड आले की मुले वर्कशॉपच्या मामांना मस्का लावत आणि मामा दोन मिनिटांत तो जॉब सरळ करून देत. ‘इन्स्ट्रक्टर’ असे पद असलेला तो माणूस बहुधा आयटीआय किंवा जुन्या अप्रेंटिसशिपमधून आलेला असे. परीक्षेत त्याच्या विद्येला थोडेसेच गुण. टर्मअखेरीला सबमिशन आणि त्यातली सर्वांत बदनाम कला म्हणजे ‘जीटी’, ग्लास ट्रेसिंग. खाली दिवा, वर काच, काचेवर मित्राचे शीट आणि त्यावर आपला कोरा कागद. रात्रभरात मशीन ड्रॉइंग तयार. मशीनचा भाग हातात न घेता त्याचे चित्र काढायला लावणाऱ्या पद्धतीवर मुलांनी केलेली ही टीकाच होती, असे म्हटले तर प्राध्यापक रागावतील, पण ती टीका होती खरी.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. त्याच वर्षी पुण्यात एमआयटी (बोस्टनच्या एमआयटीहून वेगळी) आणि भारती विद्यापीठाची कॉलेजे निघाली. मग तालुक्यातालुक्यांत पाट्या लागल्या. या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे. देणग्या होत्या, उसन्या प्राध्यापकांवर पार पडलेल्या तपासण्या होत्या, तेल न लागलेले लेथ होते. पण त्याआधी दरवर्षी कितीतरी मराठी मुले कर्नाटकातल्या कॉलेजांत पैसे भरून जात होती, आणि निमशहरी घरांतल्या मुलाला मेकॅनिकलची जागा हे स्वप्नच होते, हेही विसरून चालत नाही. मुलींच्या बाबतीत ही शाखा सर्वांत उशिरा हलली. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या कॉलेजातून इला मजुमदार १९५१ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या. पुण्यात महर्षी कर्वे संस्थेचे मुलींसाठीचे कमिन्स कॉलेज १९९१ मध्ये उघडले, आणि मेकॅनिकलची शाखा तिथेही मागाहूनच आली.

नंतर मालक पुन्हा बदलला. नव्वदीच्या अखेरीपासून सॉफ्टवेअर कंपन्या (पुढे मगरपट्टा आणि हिंजवडीच्या) मेकॅनिकलच्या मुलांनाही उचलू लागल्या आणि टॉम-सॉम शिकलेला मुलगा अमेरिकन बँकेचे प्रोग्रॅम तपासू लागला. ड्राफ्टर गेले, संगणकावरचे थ्री-डी मॉडेल आले, जीटीची गरजही संपली. वर्कशॉपचे तास कमी झाले. त्याच वेळी उलट दिशेने जाणारी एक गोष्टही घडत होती. २००७ पासून सुरू झालेल्या बाहा स्पर्धेसाठी मुले स्वतः गाडीची चौकट वेल्ड करून पिथमपूरला नेऊ लागली. या कामाला अभ्यासक्रमात फारसे गुण नाहीत, तरी वर्कशॉपची किल्ली मागायला मुले रांगेत उभी राहतात.

सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रविद्यापीठ झाले. म्हणजे मुंबई, मग पुणे, अशा दोन विद्यापीठांच्या पदव्यांनंतर ही संस्था आता स्वतःची पदवी स्वतः देते. चाकणच्या पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे काम वाढते आहे. तिथे पिस्टन नाही, क्लच नाही, गिअरबॉक्सही नाममात्र. बॅटरी गार कशी ठेवायची, चौकट हलकी कशी करायची हे प्रश्न मेकॅनिकलचेच आहेत, पण ते इलेक्ट्रिकल आणि संगणकाच्या हद्दीत बसून सोडवावे लागतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२१ साली मराठीतून अभियांत्रिकी पदवीचा वर्ग निघाला, तो संगणक शाखेचा. वर्कशॉपमध्ये कानस, पाना आणि साचा हातात घेऊन मामा आणि मुले पूर्वापार मराठीतच बोलत आली आहेत. मेकॅनिकलचा पेपर मात्र इंग्रजीतच लिहिला जातो.